तळाची पळी

आंधळगावच्या बाजारात चंद्रभागाबाईंकडून मासळी घेणं सोपं होतं. त्यांना काही विकणं मात्र महाकठीण. कांदे घेताना त्या आधी तागडीची दोरी पाहत, मग पारड्याच्या खालून बोट फिरवत, आणि मगच कांद्यांकडे वळत. दुसऱ्याच्या टोपलीतल्या रोहूचा कल्ला उचलून आतला रंग पाहिल्याशिवाय तो मासा ताजा आहे असं त्या देवाच्या शपथेवरही मानत नसत. लग्न होऊन आल्या त्या वर्षी तलावावर मासळी उचलायला येणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्याखालचं चुंबक त्यांनीच शोधून काढलं होतं. नव्या नवरीनं डोक्यावरचा पदर न ढळू देता काटा उलटा केला, आणि मासे धरून जगणाऱ्या सगळ्या ढिवरवस्तीला दाखवला. तेव्हापासून त्यांचा संशय हा वस्तीच्या उपयोगाची गोष्ट मानला जाई. घरातल्यांना मात्र त्याचा जाच होता.

"तुमची माय पोलिसात पाह्यजे होती," त्यांचे यजमान केवळराम मुलांना सांगत. ते जाळं घेऊन पहाटे तलावावर जात आणि जितकं कमी बोलता येईल तितकं बोलत.

मुलगी कामिनी सातवीत असताना वाळायला लागली. रात्रंदिवस पाणी मागायची, सारखी बाहेर जायची, आणि शाळेतून येऊन भिंतीला टेकून बसायची. चंद्रभागाबाईंना आधी शाळेतल्या खिचडीचा संशय आला, मग जंतांचा, मग शेजारणीच्या नजरेचा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की हिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलं आहे; आता ते बाहेरूनच द्यावं लागेल, रोज, जन्मभर. चंद्रभागाबाईंना डॉक्टरांचाही संशय आला. एवढ्या लहान पोरीला म्हाताऱ्यांचा रोग कसा होईल? कोणीतरी एका जडीबुटीवाल्याचं नाव सांगितलं. त्यानं नाडी पाहिली आणि म्हणाला, सुई बंद करा, माझा काढा सुरू करा. त्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. सुई बंद केली आणि काढाही खोटा निघाला तर? त्यांनी काढ्याची बाटली घरी येता येता नाल्यात ओतली आणि सुई चालू ठेवली. विश्वास ठेवण्याचा स्वभाव असता तर कामिनी त्याच महिन्यात गेली असती.

डॉक्टरांवर नाही, पण तिथल्या नर्सबाई निर्मलाबाई यांच्यावर मात्र त्यांचा हळूहळू थोडा भरवसा बसला. कारण निर्मलाबाई गोड बोलत नसत. इन्सुलिनची बाटली चंद्रभागाबाईंनी मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बर्फात गोठलं की हे औषध मेलं. मग पाणी टोचल्यासारखंच. लेक पाहिजे ना?" त्या दिवसापासून बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात राहू लागली. रक्ताचा थेंब टाकून शुगर सांगणारं यंत्र आलं, तेव्हा चंद्रभागाबाईंनी आधी स्वतःचं बोट टोचून पाहिलं, मग केवळरामांचं. यंत्र प्रत्येकाला वेगळा आकडा सांगतं, म्हणजे निदान झोपलेलं नाही, एवढं त्यांनी मान्य केलं.

सुई त्यांच्या हातात राहिली. डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस त्या भरत, सुई उजेडाकडे धरून बुडबुडा पाहत, आणि टोचत. डोस ठरलेला, म्हणून खाणंही ठरलेलं. लग्नाची पंगत उशिरा बसली तर कामिनीला घरून आणलेली भाकर एका कोपऱ्यात बसून आधी खावी लागे. अशी ती मोठी झाली. बारावी झाली आणि लाखांदूरच्या आयटीआयमध्ये तिचा इलेक्ट्रिशियनला नंबर लागला. तिथे खोली घेऊन राहायचं, मेसचं जेवायचं. चंद्रभागाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सुई कोण मारंन?"

"मीच मारीन. दुसरं कोण?"

"अन् डोस?"

डोस कमी-जास्त करायला कामिनी निर्मलाबाईंकडे शिकायला गेली. चंद्रभागाबाई सोबत गेल्या, आणि खुर्ची असून दाराजवळ उभ्या राहिल्या. निर्मलाबाई कामिनीला म्हणाल्या, "डोस म्हणजे सरकारी हुकूम नाही. आत्ता शुगर किती आहे, तू काय खाणार आहेस आणि खाऊन काय काम करणार आहेस, या तीन गोष्टी पाहायच्या. भात, पेज, भाकर यांचं माप ठेवायचं. शेतात काम असलं तर जेवणाआधीचा डोस कमी. एखाद्या दिवशी आकडा चढला म्हणून घाबरून डोस वाढवायचा नाही. तेच खाऊन, त्याच वेळी, लागोपाठ काही दिवस चढलेला दिसला, तरच एक युनिट वाढवायचं, आणि थांबून पाहायचं. अडलं तर मला फोन."

सकाळी तू काय खातेस, असं त्यांनी विचारलं. कामिनी म्हणाली, कनकीची पेज. वस्तीत सगळ्यांच्या घरी तीच. तांदळाची फुटकी कणी रात्री गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, शिजवून ठेवायची, सकाळी पाणी घालून मीठ टाकून प्यायची.

"दोन पळ्या मोजून घे. पण आधी गंज नीट ढवळायचा. वर नुसतं पाणी असतं आणि सगळा भात तळाशी बसतो."

कामिनीनं मान डोलावली. दाराजवळ उभ्या चंद्रभागाबाईंनीही ऐकलं.

त्याच बैठकीत निर्मलाबाईंनी शुगर उतरली तर काय होतं तेही सांगितलं. हात थरथरतात, घाम सुटतो, माणूस भलतंसलतं बोलतो. साखर वेळेवर पोटात गेली नाही तर बेशुद्ध पडतो, आणि जीवही जाऊ शकतो. परतीच्या बसमध्ये चंद्रभागाबाईंच्या डोक्यात बाकी काही राहिलं नाही. जीव जाऊ शकतो, आणि डोस एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात.

घरी आल्यावर त्यांनी अट घातली. "धानाची रोवणी संपेपर्यंत सुई तुह्या हाती. सगळं नीट राह्यलं तर जाय लाखांदूरले. एकडाव जरी पडली, तर लाखांदूर बंद. सुई मंग माह्याजवळ."

"पडणार नाही," कामिनी म्हणाली.

"पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामिनीनं स्वतः सुई भरली. चंद्रभागाबाईंनी ती तिच्या हातातून घेऊन उजेडाकडे धरली, परत दिली, आणि चुलीजवळ जाऊन पेज वाढायला घेतली. गंज ढवळायला पळी आत घातली आणि हात थांबला. पोरीनं चुकून जास्त भरलं असेल तर? डोस ठरवणं तिला नवीनच. पळी तशीच खाली गेली, तळाला टेकली आणि भरून वर आली. दुसरीही तशीच. दोन सांगितल्या होत्या, दोनच वाढल्या; कोणी मोजल्या असत्या तरी दोनच भरल्या असत्या. आपण लबाडी केली असं त्यांच्या मनातही आलं नाही. पोरीच्या पोटात दोन घास जास्त गेले तर त्यात वाईट काय?

दुपारी कामिनीचा आकडा वर गेला. दुसऱ्या दिवशीही गेला, तिसऱ्या दिवशीही. तिनं खाण्याचं माप परत परत आठवून पाहिलं. "माय, चहात साखर टाकून राहिली का तू?"

"मी कायले टाकू साखर?" चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मग कामिनीनं शिकवल्याप्रमाणे सकाळच्या डोसमध्ये एक युनिट वाढवलं. थांबून पाहिलं. आकडा थोडा उतरला, पण हवा तेवढा नाही. पुन्हा एक वाढवलं. इकडे सुई उजेडाकडे धरणाऱ्या चंद्रभागाबाईंना औषधाची रेघ वर सरकताना दिसत होती. त्यांचा संशय पक्का झाला: पोरीला काही येत नाही, नुसती वाढवत चालली आहे. म्हणून पळी आणखी खोल गेली, वरचं पाणी निथळून टाकून नुसता लगदा वाटीत पडू लागला. कामिनीचं डोकं आकड्यांत असे; चुलीजवळच्या अंधारात वाटी ती न पाहताच संपवी. कामिनी वाढवी, म्हणून माय वाढवी. माय वाढवी, म्हणून कामिनी. दोघी एकमेकींकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होत्या आणि बोलत मात्र मासळीच्या भावाबद्दल होत्या.

"आत्याबाई, आजकाल पेज लवकर संपून राहिली," सून रुपा एकदा म्हणाली. "गंजात खाली नुसतं पाणीच उरते."

"तुह्या नवऱ्याले विचार," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

कामिनीला आता मडक्याचा संशय येऊ लागला होता. वाळू सुकली असेल, औषध उन्हानं खराब झालं असेल. ती दिवसातून दोनदा वाळूत बोट घालून ओल पाहू लागली. तो बोट घालण्याचा ढंग हुबेहूब आईचा होता.

धानाची रोवणी, म्हणजे रोपं लावायचं काम, जोरात सुरू झाली. तुलाराम पाटलांच्या बांधीत, धानाच्या शेतात, वस्तीतल्या बाया मजुरीला जात. कामिनी आणि रुपाही जात. बाजाराच्या दिवशी चंद्रभागाबाई उजाडायच्या आत टोपली घेऊन निघाल्या, त्यामुळे त्या दिवशी सकाळची पेज रुपानं वाढली. कामिनीनं तिला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं: गंज ढवळायचा, मग दोन पळ्या. रुपानं ढवळला आणि दोन पळ्या वाढल्या. चिखलात वाकून काम आहे म्हणून कामिनीनं डोसमधून दोन युनिट कमी केली. तिच्या हिशेबाप्रमाणे सगळं बरोबर होतं. हिशेब ज्यावर उभा होता तेच फक्त चुकलेलं होतं.

बांधीत उन्हं वर आली तेव्हा कामिनीची ओळ वाकडी जायला लागली. पऱ्ह्याची, कोवळ्या रोपांची, जुडी हातातून सुटून पाण्यात पडली.

"काय वं कामिनी, आज मोहाची मारून आली का?" एक बाई हसली.

कामिनी त्या बाईकडे पाहून काहीतरी बोलली, पण ते कोणाला समजलं नाही. मग ती चिखलात गुडघ्यांवर बसली. दुसरी बाई म्हणाली, अंगात आलं, हात जोडा. रुपा तिकडच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, धावत आली. तिनं कामिनीचा घामानं भिजलेला चेहरा पाहिला, तिच्यासाठीच स्वतःच्या कमरेला बांधलेल्या पिशवीतली साखर काढली, डब्यातल्या पाण्यात कालवली आणि म्हणाली, "कामिनी, गिळता येते का? मान हलव." मान हलली. रुपानं घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं कामिनीनं डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "मायले नको सांगू."

पण बाजारातून परतणाऱ्या चंद्रभागाबाईंना गावाच्या वेशीवरच तिघींनी तीन प्रकारे सांगितलं. एकीनं कामिनी मेलीच होती असं सांगितलं.

घरात पाय ठेवताच त्यांनी टोपली आपटली आणि आधी रुपाला गाठलं. "काय खाऊ घातलं तिले?"

"पेज. दोन पळ्या."

"पेज, का पेजेचं पाणी?"

"जशी सांगितली तशी वाढली, आत्याबाई."

"मी घरी नसली की बरं सुचते तुले. नणंद गेली तर खोली मोकळी होईन, हेच नं?"

रुपाचा चेहरा उतरला. ती चिखलाचे पाय धुवायला मोरीकडे गेली. बाजेवर पडलेल्या कामिनीनं मान उचलली. "माय, वहिनी नसती तर मी आता नसती. तिले काही म्हणू नको."

"तूही बोलू नको. एकडाव म्हणलं होतं का नाही? लाखांदूर बंद. सुई आन इकडे."

कामिनीनं सुईची पिशवी मायच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. केवळराम अंगणात जाळं शिवत होते. ते आत येऊन मुलीच्या पायाशी बसले. चंद्रभागाबाईंना जे हवं होतं ते मिळालं होतं. लेक घरात, सुई हातात. तरी जेवण काही गेलं नाही. रुपा खोटं बोलते का, एवढंच त्यांना पक्कं करायचं होतं.

म्हणून सकाळी त्यांनी रुपालाच पेज वाढायला सांगितली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या, बाजारात दुसऱ्याच्या काट्याकडे पाहतात तशा. कामिनी भिंतीशी बसून पाहत होती. सुईची पिशवी मायच्या मांडीवर होती. रुपानं गंज ढवळला, तळापासून, सावकाश. पळी मधून भरली. एक, दोन. वाटी कामिनीपुढे ठेवली.

चंद्रभागाबाईंनी वाटी हिसकून घेतली आणि तिरपी केली. पेज काठाकडे सरसर धावली. "पाहा," त्या म्हणाल्या, "पाहा, हे पाजते माह्या पोरीले. अशी असते का पेज?"

"अशीच असते, माय," कामिनी म्हणाली. "ढवळून दोन पळ्या. याच्यावरच तं माहा डोस आहे. तू कशी वाढते?"

वाटी चंद्रभागाबाईंच्या हातात तशीच राहिली. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. त्यांना व्यापाऱ्याचा उलटा केलेला काटा आठवला असेल का, सांगता येत नाही. पण बोट मात्र वाटीच्या खालून फिरून आलं. गप्प राहणं सोपं होतं. कोणी पाहिलेलं नव्हतं. रुपा लबाड ठरली असती, आणि लेक डोळ्यांसमोर राहिली असती. ढवळायचा गंज लेकीनं मायच्या भरवशावर सोडला होता, आणि चहातल्या साखरेचा तो एक प्रश्न सोडला तर मायवर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. तिनं वाळूवर घेतला, बाटलीवर घेतला, स्वतःच्या गणितावर घेतला.

चंद्रभागाबाई उठल्या. दुसरी वाटी घेतली. गंज थोडा वेळ तसाच राहू दिला, भात खाली बसू दिला. मग रोजच्यासारखी पळी खाली सोडली, तळाला टेकवली, वरचं पाणी निथळलं आणि वाटीत टाकली. पुन्हा एक. दोन्ही वाट्या त्यांनी कामिनीपुढे शेजारी शेजारी ठेवल्या.

कामिनीनं एक वाटी तिरपी केली, मग दुसरी. दुसरीतली पेज हललीच नाही.

"रोज?"

"रोज."

"कवापासून?"

"तू सुई हाती घेतली तवापासून."

कामिनीनं दोन्ही वाट्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "म्हणजे औषध बरोबर होतं. माहं गणित बी बरोबर होतं." तिच्या आवाजात राग कमी आणि सुटका जास्त होती, आणि तेच चंद्रभागाबाईंना जास्त लागलं. "माय, तू मले मारलं असतं."

"मी वाचवून राहिली होती."

"हो. तसंच."

रुपा चुलीशी पाठमोरी उभी होती. चंद्रभागाबाईंनी तिच्याकडे न पाहताच म्हटलं, "रुपा, काल मी जे बोलली ते मागं घेते."

"राहू द्या, आत्याबाई," रुपा म्हणाली. थोड्या वेळानं तिला राहवलं नाही. "पण खोली मले चालते. नणंद जात असन तर हरकत नाही." केवळराम अंगणात खोकल्यासारखे हसले.

कामिनीनं निर्मलाबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, मायचं नाव न वगळता. निर्मलाबाईंनी वाढवलेलं सगळं काढून पहिल्या डोसवर यायला सांगितलं, पुढचे काही दिवस जास्त वेळा बोट टोचून पाहायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, "आईला दे." चंद्रभागाबाईंनी फोन कानाला लावून ऐकून घेतलं. तिकडून काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. फोन परत देताना त्यांनी सुईची पिशवीही कामिनीच्या हातात ठेवली.

"लाखांदूर?" कामिनीनं विचारलं.

"पडली तू माह्यामुळं. ते धरत नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. अट त्यांची होती, आणि काटा त्यांचाच खोटा निघाला होता. त्याला दुसरा न्याय नव्हता.

त्यानंतर रोवणी संपेपर्यंत गंज कामिनीसमोर ढवळला जाई. दुपारचे आकडे खाली आले आणि तिथेच राहिले. चंद्रभागाबाईंनी एकदा यंत्राची खात्री करायला स्वतःचं बोट परत टोचून घेतलं, पण ते सवयीनं.

कामिनी लाखांदूरला गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्या बसनं तिथे पोचल्या. कळवलं नव्हतं. आधी मेसवर गेल्या. मेस चालवणाऱ्या आनंदाबाई भाताचं पातेलं उतरवत होत्या. चंद्रभागाबाई दारात उभ्या राहून त्यांच्या पळीकडे पाहत राहिल्या.

"कोण पाह्यजे, बाई?" आनंदाबाईंनी विचारलं.

"तुम्ही वरण ढवळता का वाढायच्या आधी?"

आनंदाबाईंनी त्यांना खालून वर पाहिलं. "तुम्ही कामिनीच्या माय नं? तिनं सांगतलं होतं, येतील म्हणून. पहिल्या दिवशी ती बी हेच विचारून गेली."

जेवायच्या वेळी कामिनी आली. मायला पाहून तिला नवल वाटलं नाही. ती समोर बसली, बोट टोचून आकडा पाहिला, ताटातला भात डोळ्यांनी मापला, एक मूठ परत पातेल्यात टाकला, आणि पाठ वळवून सुई भरली. मग जुन्या सवयीनं ती मायपुढे धरली. "पाहते?"

चंद्रभागाबाईंचा हात पुढे आला होता. तो त्यांनी वरणाच्या वाटीकडे नेला.

"बुडबुडा असन तर तूच पाह," त्या म्हणाल्या, आणि वाटीतलं वरण बोटानं तळापासून ढवळू लागल्या.